जावयाचा पाट

अधिक महिना लागला की लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं असतं, आणि यंदा आमच्याकडे जावईच नव्हता. म्हणजे होता, शहरातच मनीषनगरात चांगला धडधाकट होता, पण आमचा नव्हता. दिवाळीच्या आधी मधुवंतीचा आणि केयूरचा कोर्टात घटस्फोट झाला. दोघांनी आपखुशीने सह्या केल्या, बाहेर येऊन टपरीवर सोबत चहा प्यायले आणि आपापल्या गाडीवर निघून गेले. हे मला मधूनेच सांगितलं. मी म्हटलं, सोबत चहा प्यायला जमतं, मग संसारालाच काय झालं होतं?

लोकांना आम्ही काही कळू दिलं नाही. आम्ही म्हणजे मीच. आमचे हे, कृष्णकांत, सरकारी कचेरीत मान खाली घालून काम करून रिटायर झाले, ते घरातही मान वर करत नाहीत. मीच ठरवलं की केयूरला कंपनीने बंगलोरला पाठवलंय आणि मधू मिहानच्या कंपनीतल्या नोकरीसाठी तिकडे जवळच खोली घेऊन राहते. कॉलनीत हेच सांगितलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवात हेच सांगितलं, सावनेरला यमुताईंना फोनवरही हेच सांगितलं. यमुताई म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. आई लवकर गेली म्हणून ह्यांना त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलं. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. मी साठीला आले तरी त्यांच्यासमोर माझा हात आपोआप पदराकडे जातो.

राग मला मधूचाच होता. केयूरमध्ये खोट काढायला जागाच नव्हती. ही ऑफिसातून थकून यायची तर त्याच्या पोळ्या झालेल्या असायच्या. वरणाला फोडणी अशी द्यायचा की मी विचारून घ्यायची, लसूण आधी टाकतोस का नंतर. कधी आवाज चढवला नाही, कधी ही कुठे जाते, कोणासोबत जाते, विचारलं नाही. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात स्वतःचं जेवलेलं ताट उचललं नाही. खरं सांगते, लेकीचा हेवा वाटायचा मला. म्हणायची, काय बाई नशीब काढलंस! आणि या पोरीने तेच नशीब उचलून रस्त्यावर ठेवून दिलं.

मी विचारून विचारून तिचा जीव खाल्ला. मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरी कोणी आहे का? नाही, आई, दुसरी कोणी नाही. मग काय? तर म्हणे, आमचं जुळलं नाही. दिवाळीत ती घरी आली होती, करंज्यांची थाळी घेऊन स्वयंपाकघरात उभी होती, तेव्हा माझा पारा चढला. मी म्हटलं, "मग तुझ्यातच काहीतरी कमी असेल. एवढा सोन्यासारखा नवरा जिला धरून ठेवता येत नाही, ती कसली बाई?"

तिने थाळी ओट्यावर ठेवली. "असेल," म्हणाली. एवढंच. त्यानंतर ती आमच्याकडे जेवायला थांबली नाही. यायची, बाबांची औषधं द्यायची, पाणी प्यायची आणि जायची.

मग हा अधिक लागला, तोही ऐन नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत. कूलरमध्ये बादल्या ओतून ओतून कंबर गेली होती, आणि त्यात यमुताई सावनेरहून बॅग घेऊन दारात. पाय धुवून बसल्या नाहीत तोच म्हणाल्या, "कुंदा, जवाई कधी येऊन राहिला? मागच्या अधिकात मी आजारी होती, मले काही पाहाले भेटलं नाही. यंदा जोडीनं पाटावर बसलेले पाहीन तेव्हाच सावनेरले जाईन."

"बंगलोरला असतो ना तो, ताई."

"मंग? विमान नाही का बंगलोरले?"

त्याच दिवशी मधूचा फोन आला. यमुताई कूलरसमोर झोपल्या होत्या, म्हणून मी मागच्या अंगणात जाऊन बोलले. ती म्हणाली, "आई, अधिक लागला ना? धोंडे करशील?"

"कोणासाठी करू?"

"माझ्यासाठी कर. मला एकटीलाच बोलाव यंदा."

धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून केलेले गोळे, वरून तूप. लहानपणापासून तिला ते भारी आवडतात. पण माझ्या डोक्यात आत झोपलेल्या यमुताई होत्या. मी फटकन बोलले, "एकट्या लेकीला कोणी धोंड्याला बोलावतं का? रीत असते काही. जावई नाही तर धोंडा कशाचा?"

ती म्हणाली, "दिवाळीपासून घरी जेवले नाहीये मी, आई. म्हणून म्हटलं."

आणि फोन ठेवला. मला भरून आलं नाही असं नाही. पण आत यमुताई उठल्या होत्या आणि चहा मागून राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला, ऑटो केला आणि थेट मनीषनगर गाठलं. मनात एकच होतं, केयूरला दोन तासांसाठी मागून आणायचा. यमुताई पाहतील, समाधानाने सावनेरला जातील आणि पुढचा अधिक यायला तीन वर्षं आहेत. तोवर कोण जिवंत, कोण नाही.

दार एका उंच, चष्मेवाल्या माणसाने उघडलं. हाताला कणीक लागलेली. मी मधुवंतीची आई म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण नमस्कार केला. "मी सुमंत. या ना, आत या, उन्हात उभ्या नका राहू." आतून केयूर आला. "आई!" म्हणाला, आणि मग जीभ चावून, "काकू, बसा ना." त्या काकूने मला उगाच टोचलं.

पन्हं आलं. घर लखलखीत होतं. गॅलरीत दोघांचे शर्ट एकाच दोरीवर वाळत होते. मी म्हटलं, असतील रूम पार्टनर, आजकाल भाडी काय कमी आहेत? आणि मी माझं गाऱ्हाणं सुरू केलं. यमुताई, अधिक, पाट, सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणीही आणलं थोडं. म्हटलं, "तुमचं काय बिनसलं ते मी विचारत नाही. माझी पोरगी हट्टी आहे, मला ठाऊक आहे. तिच्या वतीने मी माफी मागते."

केयूरने हातातला ग्लास खाली ठेवला. "काकू, मधूने तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

सुमंत उठून गॅलरीत गेला आणि कपडे काढायला लागला. केयूरने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "मी सुमंतसोबत राहतो. मित्र म्हणून नाही. नवरा-बायको राहतात तसे राहतो आम्ही. मला बायांची ओढ कधी नव्हतीच, काकू. लग्नाआधी घरी सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं, लग्न झालं की होईल सगळं नीट. नाही झालं. मधूला मी लग्नानंतर सांगितलं. तिचा काही दोष नाही. तिला फसवलं मी."

गॅलरीत सुमंत दोघांचे शर्ट एकावर एक घडी करून ठेवत होता, ते मी पाहिलं.

"ती मला एक वाकडा शब्द बोलली नाही," तो म्हणाला. "माझ्या बाबांची बायपास झालेली, त्यांना बाहेरून कळायला नको म्हणून तिने कोणाला काही सांगितलं नाही. मी म्हटलं होतं, तुझ्या आईला मी स्वतः सांगतो. तर म्हणाली, माझी आई मनाने चांगली आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. कॉलनीभर होईल. राहू दे, म्हणू दे मला काय म्हणायचं ते."

आणि मी म्हटलं होतं. काय काय म्हटलं होतं! कसली बाई, म्हटलं होतं. तिने थाळी ठेवून "असेल" म्हटलं, ते आत्ता माझ्या कानात वाजलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं, असं म्हणायची सोयही मला नाही. माहेरी आमचे एक काका होते. लग्नानंतर कायम माडीवर झोपायचे, आणि काकू खाली आम्हा पोरांमध्ये. आयुष्यभर. घरातल्या बाया त्या काकूलाच म्हणायच्या, तिच्यातच काही नाही, म्हणून नवरा जवळ येत नाही. काकू ऐकून घ्यायची आणि तांदूळ निवडत राहायची. कोणाचं काय होतं, देव जाणे. पण तिला उठून जाता आलं नाही. माझी लेक उठून तरी गेली, आणि जाताना त्या माणसाची अब्रू झाकून गेली. शिकली, कमावती झाली, म्हणून करू शकली. आणि मी तिला काय बोलले, तर माहेरच्या त्या बाया बोलायच्या तेच.

आता कोणत्याही शहाण्या बाईने काय केलं असतं? तिथून उठून ऑटो पकडला असता आणि लेकीच्या दारात जाऊन तिच्या गळ्यात पडली असती. मी काय केलं ते सांगते. मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "बरं. झालं ते झालं. रविवारी साडेअकरापर्यंत ये. धोतर नको, झब्बा चालेल."

केयूर माझ्याकडे पाहतच राहिला. "मधूला चालणार आहे?"

"हो. तिच्याशी बोलले मी," मी म्हटलं. सरळ खोटं.

"तिला चालत असेल तर येतो. तिच्यासाठी एवढं तरी करायलाच पाहिजे मी."

निघताना सुमंत म्हणाला, "काकू, ऊन फार आहे, मी सोडतो गाडीवर." सोडलं त्याने. पूर्ण रस्ता हळू चालवली, खड्डे चुकवले. कॉलनीच्या वळणावर मी त्याला थांबवलं, पुढे येऊ दिलं नाही, कोणी पाहिलं असतं तर? त्याला कळलं. "ठीक आहे, काकू," म्हणाला आणि वळला. मला त्याचीही लाज वाटली आणि माझीही.

संध्याकाळी मी मधूला फोन केला. "ये गं रविवारी. धोंडे करते तुझ्यासाठी. एकटीच ये."

"खरंच, आई?" आवाज एकदम शाळेतल्यासारखा झाला तिचा. "पण यमुआत्या आलीये म्हणाले ना बाबा? तिला चालेल?"

"मी पाहून घेते. तू फक्त ये."

"पिवळी साडी नेसून येते मग. तुला आवडते ना ती."

फोन ठेवल्यावर ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. "तिला सांगितलं का, केयूरपण आहे ते?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर ती आली असती का? समोर यमुताई असतील, मग काय करेल? बसेल गपचूप. ह्यांनी पुन्हा पेपर वर केला. केयूरचं खरं काय आहे, ते मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

रविवारी पहाटेपासून मी पुरणात होते. हॉलमध्ये दोन पाट मांडले, भोवती रांगोळी, समोर चांदीची वाटी. केयूर वेळेवर आला, पांढरा झब्बा घालून. यमुताईंनी दोन्ही हात त्याच्या कानांवरून फिरवून बोटं मोडली. "बंगलोरले वाळला वं हा! जेवाले भेटत नाही का तिकडं?" त्याला पाटावर बसवलं. तो दाराकडे पाहून राहिला होता.

फाटक वाजलं. मधू आली. पिवळी साडी, केसांत गजरा, हातात आंब्यांची पिशवी. पायरीवरूनच ओरडली, "आई, काय वास सुटलाय गं! बाहेर गल्लीपर्यंत येऊन राहिला!"

आणि आत पाऊल टाकलं.

तिने केयूरला पाहिलं. शेजारचा रिकामा पाट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. ती चिडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं, मला झगडा करता येतो. पण ती नुसतीच पाहत होती. केयूरही माझ्याकडे पाहत होता. त्या दोघांना एकाच वेळी कळलं, मी काय केलं ते.

"ये वं पोरी, लाजून काय राहिली? बस नवऱ्याजवळ," यमुताई म्हणाल्या.

मधूने आंब्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि येऊन बसली. माझ्यासाठी बसली. हे मला तेव्हाही कळत होतं.

हे परात घेऊन खाली वाकले. गुडघा दुखतो, तरी एक हात जमिनीला टेकून बसले आणि केयूरच्या पायांवर पाणी घालायला लागले. केयूरने पाय मागे घेतले. "नको, बाबा. प्लीज, नको." यमुताई हसल्या, "ठेव रे पाय! या महिन्यात जवाई म्हणजे नारायण." ह्यांनी ते पाय धरून पुढे ओढले, धुतले, पंच्याने पुसले. केयूरची मान खाली गेली. मधू समोरच्या रांगोळीकडे पाहत होती. मी धोंड्यांचं ताट आणि त्यावर पेटवलेला दिवा केयूरच्या हातात दिला.

पानं वाढली. मी तुपाची वाटी घेऊन उभी होते. यमुताईंना आता रंग चढला होता. "पुढच्या अधिकात तिसरा पाट मांडाचा बरं का. इवलासा." कोणी हसलं नाही तरी त्यांचं सुरूच. "अन् मधू, नवरा बंगलोरले, तू इथं, हे काहून वं? नोकरी काय तिकडं भेटत नाही? असं राहिलं तर लेकरू कुठून होईन? माणसाचं काय, माणसं असेच राहतात. बाईनंच समजून घ्या लागते."

केयूरने तोंड उघडलं. "आत्या, त्यात मधूचा काही..."

मधूने त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थांबवलं. "आत्या," ती म्हणाली, "आमचा घटस्फोट झालाय. दिवाळीच्या आधीच. केयूर चांगला माणूस आहे. मलाच जमलं नाही."

यमुताईंनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला फक्त तीन शब्द म्हणायचे होते. तिचा दोष नाही. केयूरचं गुपित उघडं करायची काही गरज नव्हती, नुसते तेवढे तीन शब्द. मी तुपाची वाटी धरून उभी राहिले. सगळ्या कॉलनीला खोटं सांगताना जी जीभ सुरीसारखी चालली, ती खरं बोलायच्या वेळी हलेना.

शेवटी केयूरच बोलला. "जमलं नाही ते माझं, आत्या. तिचं काही चुकलं नाही. आणि हे काकूंना माहीत आहे. त्या घरी आल्या तेव्हाच मी त्यांना सगळं सांगितलंय."

मधूने हळूच वळून मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"माहीत असून बोलावलंस? असं?"

ती उठली. पानावरचा धोंडा तसाच होता, तूप वाढायचंच राहिलं होतं. तिने ह्यांना नमस्कार केला, "येते, बाबा," म्हणाली. चपला घालताना गजरा काढून पर्समध्ये कोंबला आणि गेली. केयूरने दिव्याचं ताट उचलून देवासमोर ठेवलं आणि तोही गेला. आमचे हे रिकाम्या परातीजवळ बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

यमुताई हात धुवून आल्या. मी वाट पाहत होते, आता घराण्याचं नाव निघेल, माझा उद्धार होईल. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मले सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुले? काहून खोटं बोलली वं, कुंदा?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून, ताई."

"मले वाईट वाटलं असतं. मंग जेवलो असतो सारे." त्यांनी मधूच्या पानाकडे बोट दाखवलं. "पोरगी उपाशी गेली पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या सावनेरला गेल्या.

मधू फोन उचलेना. आठवडाभर मी वाट पाहिली. मग परत पुरण घातलं, धोंडे केले, डब्यात भरले, तुपाची वाटी वेगळी घेतली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. ऑटोत बसल्या बसल्या काय काय म्हणायचं ते मनात जुळवलं. चुकले म्हणायचं. तुझ्यात काही कमी नाही म्हणायचं. जावई गेला उडत, धोंडे माझ्या लेकीचे, असंही म्हणायचं होतं. पूर्ण रस्ता डबा मांडीवर धरून बसले होते, मांडी भाजत होती.

तिच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढून मी बेल वाजवली. दार उघडलं. घरातल्या जुन्या ड्रेसमध्ये होती, केस वर बांधलेले. मी डबा पुढे केला.

तिने डब्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे पाहिलं.

"कोणाला आणलंस?" तिने विचारलं.

"कोणी नाही गं," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

तरी ती पायऱ्यांकडे पाहतच उभी राहिली.